विश्लेषण : नाळेतून पेशी वेगळ्या करतात म्हणजे काय? त्यांचा उपयोग किती आणि गाजावाजा किती?

खर्डीच्या पुढे आणि कसाऱ्याच्या अलीकडे असलेल्या उंबरमाळीच्या परिसरात, किंवा मुरबाडकडच्या वाड्यापाड्यांवर, ‘आमची नाळ इथंच पुरली आहे’ असे सांगणारी जुनी माणसे आजही भेटतात. बाळंतपण घरी व्हायचे, तेव्हा सुईण नाळ कापायची आणि नाळ-वार घराजवळच खड्डा करून पुरली जायची. आता बाळंतपणे आरोग्य केंद्रात आणि रुग्णालयात होतात आणि नाळ पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्यात जाते. याच नाळेतून पेशी वेगळ्या करून त्यांची औषधे बनवण्याचे काम जगभर सुरू आहे. दुसरीकडे, ‘बाळाची नाळ साठवा, त्याचे आयुष्य सुरक्षित करा’ अशा जाहिराती गरोदर महिलांच्या मोबाइलवर येऊन पडतात. प्रयोगशाळेतले विज्ञान खरे आहे. पण जाहिरातीत जे विकले जाते, ते हेच विज्ञान आहे का?

नाळ, वार आणि नाळेतले रक्त यांत फरक काय?

बोलताना या तिन्ही गोष्टी एकच समजल्या जातात. वार म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेला, थाळीसारखा अवयव. नाळ म्हणजे वार आणि बाळाची बेंबी यांना जोडणारी दोरी. ती साधारण ५० ते ६० सेंटीमीटर लांब असते. तिच्यात तीन रक्तवाहिन्या असतात. एक नीला वारेकडून प्राणवायू आणि पोषण बाळाकडे आणते, तर दोन रोहिण्या बाळाकडचे वापरलेले रक्त परत वारेकडे नेतात.

बाळ जन्मल्यावर नाळेत आणि वारेत जे रक्त उरते, ते नाळरक्त. त्यात रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी म्हणजे स्टेम सेल असतात. ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांच्या पथकाने फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या एका मुलावर त्याच्या नवजात बहिणीचे नाळरक्त वापरून जगातले पहिले प्रत्यारोपण केले. नाळरक्ताचा हा उपयोग तेव्हापासून सिद्ध आहे.

नाळेचा मांसल भाग म्हणजे नाळेची ऊती ही मात्र वेगळी गोष्ट. तिच्यातल्या पेशी वेगळ्या, त्या काढण्याची रीत वेगळी आणि त्यांच्याबद्दलचा पुरावाही वेगळा. जाहिरातींत नाळरक्ताचे यश सांगून नाळेच्या ऊतीची साठवण त्याच पॅकेजमध्ये जोडली जाते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

नाळेच्या ऊतीत असे काय असते?

नाळ आडवी कापली, तर तीन रक्तवाहिन्यांच्या भोवती पांढुरका, बुळबुळीत, जेलीसारखा पदार्थ दिसतो. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ थॉमस व्हार्टन यांनी १६५६ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला व्हार्टन जेली म्हणतात. गर्भात बाळ हलते, फिरते, नाळेला पीळ पडतो. अशा वेळी रक्तवाहिन्या दबू नयेत म्हणून ही जेली गादीसारखे काम करते.

या जेलीत विखुरलेल्या पेशींना मेझेन्कायमल पेशी म्हणतात. योग्य वातावरण मिळाले तर त्या हाड, कूर्चा आणि चरबी यांच्या पेशींत बदलू शकतात. अशा पेशी सर्वप्रथम अस्थिमज्जेत सापडल्या. पण अस्थिमज्जा मिळवायची तर कमरेच्या हाडात सुई घालावी लागते आणि दात्याचे वय वाढेल तशा या पेशी कमी व मंद होतात. नाळेच्या बाबतीत आईला किंवा बाळाला सुई टोचावी लागत नाही. नाळ तशीही टाकूनच दिली जाणार असते आणि तिच्यातल्या पेशी अगदी कोवळ्या असतात. त्यामुळे त्या प्रयोगशाळेत भराभर वाढतात. संशोधकांना नाळेचे आकर्षण आहे ते यामुळे.

प्रयोगशाळेत या पेशी वेगळ्या कशा करतात?

सुरुवात बाळंतपणाच्या खोलीत होते. आईची लेखी संमती आधीच घेतलेली असते. तिच्या रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि सिफिलिससाठी तपासणी होते. बाळ जन्मून नाळ कापल्यावर तिचा काही सेंटीमीटरचा तुकडा निर्जंतुक बाटलीत, प्रतिजैविक घातलेल्या क्षारद्रवात ठेवतात. बाटली थंड पेटीतून, पण बर्फात गोठू न देता, प्रयोगशाळेत जाते. साधारण २४ तासांच्या आत पोहोचली तर उत्तम. म्हणजे उंबरमाळीहून पुण्याला नाळ पाठवणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. सिझेरियनच्या नाळेत जंतुसंसर्गाची शक्यता कमी असल्याने अनेक प्रयोगशाळा तिला प्राधान्य देतात.

प्रयोगशाळेत जंतुविरहित हवेच्या कपाटात नाळ पुनःपुन्हा धुऊन तिच्यातले रक्त काढून टाकतात. मग ती उभी चिरून रक्तवाहिन्या ओढून काढतात आणि उरलेल्या जेलीचे दोन-तीन मिलिमीटरचे बारीक तुकडे करतात. इथून पुढे दोन वाटा आहेत.

पहिली वाट तुकडे लावण्याची. तुकडे प्लास्टिकच्या बशीत थोड्या अंतराने ठेवून त्यांना तळाला चिकटू देतात. वर पोषक द्रव घालतात आणि बशी ३७ अंश सेल्सिअस तापमान व पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या उबवणयंत्रात ठेवतात. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत तुकड्यांच्या कडेने लांबट, टोकदार पेशी बाहेर सरकताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतात.

दुसरी वाट विकराची. कोलॅजिनेजसारखे विकर जेलीचे जाळे विरघळवते आणि पेशी काही तासांत मोकळ्या होतात. ही रीत झटपट आहे, पण विकराचे प्रमाण किंवा वेळ जास्त झाली तर पेशींना इजा होते. पहिली रीत सावकाश, पण पेशींसाठी सौम्य आहे.

पुढचे काम शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याला ओळखीचे वाटेल. राबावर भाताची रोपे दाट झाली की ती उपटून मोकळ्या खाचरात लावावी लागतात, नाहीतर वाढ खुंटते. बशीचा तळ ७०-८० टक्के भरला की पेशीही विकराने सोडवून अनेक बशांत पातळ पेरतात. अशा प्रत्येक लावणीला ‘पॅसेज’ म्हणतात. पण हे अमर्याद चालत नाही. लावण्या वाढत गेल्या की पेशी म्हाताऱ्या होतात, त्यांचे गुण बदलतात आणि गुणसूत्रांत दोष येण्याचा धोका वाढतो. म्हणून उपचारासाठीच्या पेशी सुरुवातीच्या काही पॅसेजमध्येच वापरतात.

शेवटी पेशी गोठवतात. पाण्याचे बर्फाचे स्फटिक पेशींना फाडू नयेत म्हणून साधारण दहा टक्के डायमिथाइल सल्फॉक्साइड मिसळतात, तापमान मिनिटाला सुमारे एक अंशाने उतरवतात आणि मग पेशी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जातात. वापरायच्या वेळी मात्र त्या झटपट वितळवाव्या लागतात.

या त्याच पेशी आहेत, हे कसे ठरवतात?

बशीत वाढले ते सगळे उपयोगाचे, असे नसते. आंतरराष्ट्रीय पेशी-उपचार संस्थेने २००६ मध्ये तीन किमान कसोट्या ठरवल्या. पेशी प्लास्टिकला चिकटून वाढल्या पाहिजेत. किमान ९५ टक्के पेशींवर सीडी ७३, सीडी ९० आणि सीडी १०५ या खुणा हव्यात आणि रक्तपेशींच्या खुणा दोन टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. तिसरे म्हणजे, प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हाड, चरबी आणि कूर्चा यांच्या पेशी बनवून दाखवता आल्या पाहिजेत. रुग्णाला द्यायच्या असतील तर जिवाणू, बुरशी, मायकोप्लाझ्मा, जिवाणूंचे विष आणि गुणसूत्रे यांच्या चाचण्या वेगळ्या.

नावाचाही वाद आहे. या पेशींना ‘मेझेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव १९९१ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लन यांनी रूढ केले. पण शरीरात टोचल्यावर त्या नवे अवयव घडवत नाहीत, बऱ्याचशा थोड्याच काळात नाहीशाही होतात. त्या जी रसायने सोडतात, त्यांनी सूज कमी होते आणि प्रतिकारशक्तीचा अतिरेक आवरला जातो, असे पुढच्या संशोधनातून दिसले. त्यामुळे ‘स्टेम सेल’ हा शब्द रुग्णांची दिशाभूल करतो आणि नाव बदलण्याची वेळ आली आहे, असे खुद्द कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये लिहिले. ‘नाळेच्या पेशी टोचल्या की खराब अवयव नवा होतो’ या जाहिरातीतल्या वाक्यावर याहून मोठा आक्षेप दुसरा कोणता असणार?

पुण्यात यावर काय काम झाले?

महाराष्ट्रात या विषयाचे मोठे केंद्र पुण्यात आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, हे १९८६ मध्ये पेशी व ऊती संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून सुरू झाले. देशभरातल्या संशोधकांना प्रमाणित पेशी पुरवणारे भांडारही तिथे आहे.

याच केंद्रात डॉ. रमेश भोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाळेच्या जेलीतल्या पेशींपासून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीपुंजांसारखे पुंज तयार करण्याचे प्रयोग केले. ते २०१० मध्ये ‘आयलेट्स’ या शोधनियतकालिकात प्रसिद्ध झाले. मधुमेहावरच्या संशोधनासाठी हे महत्त्वाचे पाऊल होते. केंद्राच्याच डॉ. ललिता लिमये आणि डॉ. वैजयंती काळे यांनी रक्त बनवणाऱ्या पेशी गोठवताना त्यांची हानी कशी कमी करता येईल, यावर काम केले. गोठवण्याच्या नेहमीच्या द्रवात ट्रेहॅलोज ही साखर आणि कॅटालेज हे विकर यांसारखे घटक मिसळले तर वितळवल्यानंतर पेशी अधिक चांगल्या तग धरतात, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले.

या कामातून एक गोष्ट लक्षात येते. प्रयोगशाळेच्या बशीत इन्सुलिन बनवणारे पुंज तयार होणे आणि मधुमेही माणसाची इन्सुलिनची सुई सुटणे यांत प्राण्यांवरचे प्रयोग, सुरक्षिततेच्या चाचण्या, मोठ्या रुग्णसंख्येवरच्या चाचण्या असा लांबचा पल्ला असतो. संशोधक पहिल्या टप्प्याबद्दल बोलतात, जाहिरात मात्र शेवटचा टप्पा गाठल्यासारखे बोलते.

उपचार म्हणून मान्यता कुठे मिळाली?

मोजक्या ठिकाणी, मोजक्या आजारांसाठी. दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झाल्यावर दात्याच्या पेशी कधी कधी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करतात. स्टिरॉइडलाही न जुमानणाऱ्या अशा आजारावर, लहान मुलांसाठी, अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२४ मध्ये रायॉन्सिल हे औषध मंजूर केले. मेझेन्कायमल पेशींचे ते अमेरिकेतले पहिले मंजूर औषध. त्या पेशी प्रौढ दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या आहेत. चीनने जानेवारी २०२५ मध्ये याच प्रकारच्या आजारासाठी अमिमेस्ट्रोसेल हे औषध मंजूर केले आणि त्यातल्या पेशी नाळेच्या ऊतीतल्या आहेत. दक्षिण कोरियात गुडघ्याच्या कूर्चेसाठी २०१२ पासून मान्य असलेल्या कार्टिस्टेममध्ये नाळरक्तातून वाढवलेल्या पेशी असतात. भारतात बेंगळूरुच्या स्टेमप्युटिक्स कंपनीच्या औषधाला मान्यता आहे, तेही अस्थिमज्जेच्या पेशींचे.

किती पेशी लागतात, तेही पाहण्यासारखे आहे. रायॉन्सिलची मात्रा शरीराच्या दर किलोमागे २० लाख पेशी, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे अशी आहे. म्हणजे २० किलोच्या मुलाला एका वेळी चार कोटी आणि एकूण ३२ कोटी पेशी. त्या कारखान्यात, औषधाच्या दर्जाने वाढवाव्या लागतात. टाकीत गोठवलेला नाळेचा तुकडा म्हणजे तयार औषध नव्हे.

याहून महत्त्वाचे म्हणजे, या सगळ्या औषधांतल्या पेशी रुग्णाच्या स्वतःच्या नाहीत, दात्यांच्या आहेत. मेझेन्कायमल पेशींना परके शरीर सहसा तीव्र विरोध करत नाही, म्हणून एका दात्याच्या पेशी अनेकांना देता येतात. मग प्रत्येक बाळाने स्वतःची नाळ पैसे भरून साठवायची गरज काय, हा प्रश्न उरतोच.

भारतात नाळ साठवण्याबाबत नियम काय?

नाळरक्त बँकांसाठी औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत डिसेंबर २०११ मध्ये स्वतंत्र तरतूद झाली आणि परवाना सक्तीचा झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, मूलपेशी संशोधनाबाबतच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार परवानगी आहे ती फक्त नाळरक्ताच्या बँकेला. नाळेची ऊती, वार, दातातला गर, मासिक पाळीचे रक्त अशा इतर गोष्टींच्या व्यावसायिक साठवणुकीला त्यात परवानगी दिलेली नाही.

नाळरक्ताबाबतही बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली. साठवलेले स्वतःचे नाळरक्त पहिल्या २० वर्षांत स्वतःलाच लागण्याची शक्यता ०.०४ ते ०.०००५ टक्के असल्याचे या निवेदनात नमूद आहे. म्हणजे फार तर अडीच हजारांत एक आणि कमीत कमी दोन लाखांत एक. घरात आधीच एखादे भावंड किंवा आई-वडिलांपैकी कोणी प्रत्यारोपणाने बऱ्या होऊ शकणाऱ्या आजाराने ग्रस्त असेल, तरच खासगी साठवणुकीचा विचार करावा, असे संघटना सांगते.

साठवण नीट होतेच असेही नाही. सिंगापूरच्या आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये कॉर्डलाइफ या खासगी नाळरक्त बँकेची तपासणी केली, तेव्हा २२ पैकी सात टाक्यांमधले तापमान मर्यादेच्या वर गेल्याचे आढळले. त्यातल्या एकाच टाकीतले सुमारे २,२०० नमुने निकामी झाले होते. पालक वर्षानुवर्षे पैसे भरत राहतात, पण टाकीत काय चालले आहे हे त्यांना दिसत नाही.

सिकलसेल, थॅलेसेमियात स्वतःच्या नाळेचा उपयोग होतो का?

ठाणे जिल्ह्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण जास्त आढळते. उल्हासनगरमधल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक तुलनेने अधिक आहेत. दोन्ही आजार हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकातल्या दोषाने होतात. हा दोष बाळाच्या प्रत्येक पेशीत जन्मापासून असतो, म्हणजे त्याच्या नाळरक्तातही असतो. त्यामुळे सिकलसेल किंवा थॅलेसेमिया झालेल्या मुलाला त्याचेच साठवलेले नाळरक्त देऊन तो बरा होत नाही. तेच रक्त, तोच दोष.

नाळेच्या ऊतीतल्या मेझेन्कायमल पेशी तर रक्त बनवतच नाहीत. त्यांनी हे आजार बरे होतील, असे कोणी सांगत असेल तर ते चुकीचे आहे.

उपयोग होतो तो भावंडाचा. आजारी मुलाच्या पाठचे बाळ स्वतः निरोगी निघाले आणि दोघांची ऊती जुळली, तर त्या बाळाचे नाळरक्त कामी येऊ शकते. सख्ख्या भावंडांत ऊती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून अशा घरात पुढचे मूल होण्याआधी रक्तविकारतज्ज्ञांना विचारणे शहाणपणाचे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय रुधिरशास्त्र संस्था याच आजारांवर काम करते. बाकी सगळ्यांसाठी उपयोगी आहे ती साधी रक्ततपासणी. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. आई आणि वडील दोघेही वाहक आहेत का, हे वेळेत कळले तर पुढचा निर्णय घेता येतो.

मग उंबरमाळीच्या बाळाला नाळेचा सर्वांत खात्रीचा उपयोग कोणता?

तो कोणत्याही टाकीत नाही, जन्मानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत आहे. बाळ बाहेर आल्यावरही नाळ थोडा वेळ धडधडत असते आणि वारेतले रक्त बाळाकडे जात असते. लगेच चिमटा न लावता थांबले, तर साधारण ८० ते १०० मिलिलिटर रक्त बाळाला मिळते. तीन किलोच्या बाळासाठी हे थोडेथोडके नव्हे. त्यातले लोह पुढचे काही महिने पुरते. म्हणूनच नाळ किमान एक मिनिट आणि शक्यतो तीन मिनिटांपर्यंत कापू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. केंद्राच्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमातही नाळ उशिरा बांधण्याचा समावेश आहे. बाळ रडत नसेल, त्याला तातडीने श्वास द्यावा लागणार असेल, तर मात्र डॉक्टर किंवा परिचारिका लगेच निर्णय घेतात आणि तो त्यांच्यावरच सोडावा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आहेत. त्यावर हा एकमेव उपाय नाही, पण तो फुकट आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात शक्य आहे आणि त्यासाठी करारावर सही करावी लागत नाही.

नाळरक्त साठवण्याचा आग्रह इथे आडवा येऊ शकतो. पिशवीत जास्त रक्त गोळा व्हावे म्हणून नाळ लवकर बांधली, तर ते रक्त बाळाच्या वाट्याचेच कमी होते. नाळेच्या ऊतीबाबत हा पेच नाही. रक्त बाळाला मिळाल्यावर, नाळ कापल्यानंतर, उरलेला तुकडा संशोधनासाठी घेता येतो. म्हणजे बाळाचा हक्क आणि विज्ञानाची गरज एकाच वेळी भागू शकते.

संशोधनासाठी नाळ मागितली तर काय पाहावे?

नाळ देणे चांगलेच आहे. नवी औषधे अशा दानातूनच बनतात. पण ती कचऱ्यात जाणार म्हणून कोणीही न विचारता उचलून न्यावी, असे नाही. त्यासाठी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि आईची समजून-उमजून दिलेली संमती लागते. संमतीपत्र तिला कळेल अशा भाषेत हवे. तिला वाचता येत नसेल तर तिऱ्हाईत साक्षीदारासमोर वाचून दाखवले पाहिजे. कळा सुरू झाल्यावर नव्हे, गरोदरपणातल्या तपासणीच्या वेळी निवांतपणे विचारले पाहिजे. ‘नाही’ म्हटले म्हणून बाळंतपणाच्या सेवेत काही कमी होता कामा नये.

पाड्यावरच्या बाईला हे सांगण्याचे काम बहुतेक वेळा आशाताईवर येईल. म्हणून तिलाही चार गोष्टी नेमक्या माहीत हव्यात: नाळ कुठे जाणार, तिच्यावर काय काम होणार, आईचे नाव गुप्त राहणार का आणि तिच्या रक्ततपासणीत काही आढळले तर तिला ते कळवले जाणार का. जिच्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या नाळ पुरली गेली, तिला ती घरी नेऊन पुरावीशी वाटली तर तोही तिचा निर्णय आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांमुळे ती घरी कशी न्यायची, हे रुग्णालयाला आधी विचारून घ्यावे लागेल इतकेच.

पेशींच्या इंजेक्शनची जाहिरात दिसली तर?

गुडघेदुखी, मधुमेह, अर्धांगवायू, स्वमग्नता अशा अनेक आजारांवर पेशींची इंजेक्शने देऊ करणाऱ्या जाहिराती दिसतात. घरातल्या दुखण्याने गांजलेला माणूस शेत किंवा दागिने विकूनही लाखो रुपये भरायला तयार होतो, म्हणून पुरावा काय सांगतो ते माहीत असणे गरजेचे आहे.

स्वमग्नतेसाठी अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठाने १८० मुलांवर नाळरक्ताची चाचणी केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मुख्य निकषावर फरक दिसला नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही आणि त्यांची जाहिरात करणे हे गैरवर्तन ठरेल, असे स्पष्ट केले. धोकाही खरा आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये नाळरक्तापासून बनवलेले, मान्यता नसलेले उत्पादन टोचून घेतलेल्या १२ जणांना जिवाणूसंसर्ग होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले.

तेव्हा पैसे भरण्याआधी डॉक्टरांना साधे प्रश्न विचारा. या आजारासाठी या पेशींना देशाच्या औषध महानियंत्रकांची मान्यता आहे का? असेल तर कागद दाखवा. नसेल तर ही चाचणी आहे का? तसे असेल तर भारतीय चिकित्सा चाचणी नोंदणीत, म्हणजे सीटीआरआयवर, तिचा क्रमांक काय? ती नोंदणी मोबाइलवर कोणालाही मोफत पाहता येते. अधिकृत चाचणीत पेशींचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत आणि चाचणीमुळे इजा झाली तर भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. म्हणून मान्यता नाही, नोंदणी क्रमांक नाही आणि लाखोंचे बिल आहे, असे तिन्ही एकत्र दिसले तर तिथून उठून यावे.

नाळेच्या पेशींवरचे संशोधन पुढे जाईल, मान्यतेची औषधेही वाढतील. ती रुग्णालयात मिळतील तेव्हा त्यातल्या पेशी कोणा अनोळखी आईने दान केलेल्या नाळेतून आलेल्या असण्याचीच शक्यता जास्त आहे. तोवर बाळंतपणाला जाताना आरोग्य केंद्रात एकच गोष्ट आवर्जून सांगून ठेवता येईल : बाळ ठीक असेल तर नाळ कापायची घाई करू नका.